तिसरं दरपत्रक

ही गोष्ट कुणालाच पटत नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी मान हलवली, चहा संपवला आणि उठून गेले. एकाने तर जाताना माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तेव्हा तुम्हीही विश्वास ठेवला नाहीत तरी माझी हरकत नाही. फक्त मध्येच उठू नका. हा कठडा एवढाच आहे, एक उठला की दुसरा त्याची जागा बळकावतो. आणि शंका आलीच तर या शिवणबाईंना विचारा. इथेच बसल्या आहेत, काजं करताहेत. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

"मला मध्ये ओढू नका, आजोबा," शिवणबाई म्हणाल्या.

बघा. खोटं आहे असं म्हणाल्या का? नाही ना. तर मग ऐका.

खालच्या बोगद्याचं काम चालू होतं तेव्हा ही वसाहत गजबजलेली होती. काम संपलं, साहेब लोक गेले, यंत्रं गेली, आणि ज्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती किंवा उत्साह नव्हता ते आपल्यासारखे इथेच चिकटून राहिले. त्यातले एक कीपरसाहेब. प्रकल्पाच्या भांडाराचे कीपर. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी खिळे, दोरखंड, सिमेंट आणि बादल्या सांभाळल्या, आणि त्या सगळ्या काळात एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. निवृत्त झाल्यावर भांडार सुटलं, पण सवय सुटली नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी पांढऱ्या रंगाने नंबर घातले. खुर्च्या, पातेली, डाव, आरसा, छत्र्या. वर्षातून एकदा साठा पडताळणी. बायको मोजून घ्यायची राहिली, ती तिने रागावून दाखवलं म्हणून.

आणि त्यांचा एक नियम होता. तीन दरपत्रकांशिवाय खरेदी नाही. सरकारी भांडारात तसंच असतं, तीन जणांकडून भाव मागवायचे, तुलनेचा तक्ता करायचा, मग ठरवायचं. साहेबांनी तो नियम अंगात भिनवून घेतला होता. दाढीचा साबण घ्यायचा तरी तीन दुकानं. स्वतःच्या लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पहिल्याच घरी मुलगी पसंत पडली, तरी आणखी दोन घरी जाऊन चहा पिऊन आले, रीतसर तक्ता केला आणि मग पहिल्या घरी होकार कळवला. लग्नानंतर तो तक्ता बाईंच्या हाती लागला. 'आवाज' आणि 'स्वभाव' या रकान्यांत त्या पहिल्या होत्या, 'स्वयंपाक' या रकान्यात तिसऱ्या. त्यानंतर त्यांनी साहेबांना जो स्वयंपाक करून घातला, त्यात तिसरेपणा कधी काढून टाकला नाही.

बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणायचो. बारीक अंगाच्या, हसतमुख, आणि दुसऱ्याचं ऐकून घेणाऱ्या. अशा माणसाला स्वतःचं सांगायला वेळ मिळत नाही, कारण समोरच्याचं कधी संपतच नाही.

आता हा कठडा. तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो, अख्ख्या वसाहतीत फोनला सिग्नल फक्त इथे येतो, या वळणावर, या कठड्याच्या एवढ्या वीतभर पट्ट्यात. म्हणून न्हाव्याने खुर्ची इथे आणून टाकली, शिवणबाईंनी मशीन आणलं, चहाची किटलीही आली. ज्याला फोन करायचा तो ही चढण चढून वर येतो. त्यामुळे आमच्यात कुणाची गुपितं नाहीत. कुणाचा जावई काय म्हणाला, कुणाची बदली अडली, कुणाच्या पोटाची काय तक्रार आहे, सगळं सगळ्यांना ठाऊक. एकाने फोनवर बायकोशी भांडण काढलं तेव्हा निम्मा कठडा तिच्या बाजूने झाला आणि त्याला माफी मागायला लावली.

तर एका रविवारी साहेब आणि मावशी धाकट्या मुलीशी बोलायला वर आले होते. मुलगी खालच्या शहरात असते. ती म्हणाली, "बाबा, तुमचा दोघांचा आरोग्यविमा काढून टाका. तुम्ही एवढ्या वर राहता, उद्या काही झालं तर?"

"बघतो," साहेब म्हणाले. "दरपत्रकं मागवतो."

मावशी हळूच म्हणाल्या, "अहो, एखादा बरासा बघा आणि मोकळे व्हा ना."

"तुला यातलं कळत नाही."

 मावशी उतरताना म्हणाल्या, "लवकर करा म्हणजे झालं." साहेबांनी ते ऐकलं असावं, पण खरेदी करणाऱ्याला घाई दाखवायची नसते. भाव वाढतो.

पहिला विमा प्रतिनिधी आला तो जीपने. टाय लावून आला होता. आपली वळणं तुम्ही पाहिलीत. तो इथे उतरला तेव्हा त्याचा रंग कच्च्या पेरूसारखा झालेला होता. उतरला आणि याच कठड्यावर आडवा झाला, आणि आडव्यानेच आम्हाला जीवनातली अनिश्चितता समजावून सांगू लागला. इतकं मनापासून बोलणारा प्रतिनिधी मी पुन्हा पाहिला नाही. तो डोळे मिटून पडलेला असताना कंपाउंडरच्या शेळीने त्याचं माहितीपत्रक खाल्लं. गुळगुळीत, रंगीत, जाड कागदाचं होतं, तिला आवडलं. त्या दिवसापासून ती शेळी दूध द्यायची, पण अटी लागू. हो ना, शिवणबाई?

शिवणबाईंनी दोरा दाताने तोडला.

तर कीपरसाहेबांनी त्या गृहस्थाला चहा पाजून बसता केला आणि नाव, वय, पत्ता सांगितला. त्याने फोनमध्ये पत्ता भरायला घेतला आणि त्याचा चेहरा पडला. "साहेब, तुमचं गाव यादीतच नाहीये."

"नाहीये म्हणजे? आम्ही राहतो इथे."

"राहत असाल. पण कंपनीच्या हिशोबी इथे कुणी राहत नाही."

ही बातमी कठड्यावर वाऱ्यासारखी पसरली. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावरचा वस्तरा थांबवला. आपण इतकी वर्षं राहतो आहोत आणि नाहीच आहोत, हे ऐकल्यावर माणसाला कसंसंच होतं. साहेब तर फार दुखावले. त्यांच्या भांडारात असलेली वस्तू कागदावर नाही, असं कधी झालं नव्हतं. प्रतिनिधी म्हणाला, "जवळचं दुसरं गाव टाकतो, चालतंय." आणि त्याने दरीच्या पलीकडचं गाव टाकलं. फोनने लगेच आनंदाची बातमी दिली. कंपनीच्या यादीतलं हॉस्पिटल अगदी जवळ आहे, चालत जाण्याजोगं.

चालत, हो. मध्ये दरी आहे. पक्ष्याला चालत नाही, पण उडत सोपं आहे. माणसाला मात्र खाली उतरून, नदीला वळसा घालून, पलीकडचा घाट चढायला जीपने अर्धा दिवस जातो. तरी साहेबांनी ते मनावर घेतलं. मोजणीवाल्यांची एक जुनी दुर्बीण त्यांच्याकडे होती, तिच्यावर पण नंबर होता. ती घेऊन ते रोज इथे उभे राहायचे आणि आपलं हॉस्पिटल बघायचे. पांढरी इमारत, हिरवी दारं, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. "स्वच्छता चांगली आहे," ते म्हणायचे. "चादरी रोज धुतात." तक्त्यात त्यांनी स्वच्छतेचे पूर्ण गुण दिले. मग एक दिवस निरखून बघताना त्यांना चादरींबरोबर लंगोटही दिसायला लागले. लहान लहान, ओळीने. ते प्रसूतिगृह होतं.

आमच्या कंपाउंडरने लगेच सल्ला दिला. हा कंपाउंडर म्हणजे प्रकल्पाच्या दवाखान्याचा. डॉक्टर गेला, हा राहिला. कुठल्याही दुखण्यावर तीन रंगांच्या गोळ्या देतो आणि त्यातल्या दोन परत मागून घेतो. तो म्हणाला, "साहेब, बाळंतपण फुकट आहे ना? मग तेवढं तरी पदरात पाडून घ्या."

साहेब त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

दुसरा प्रतिनिधी वेगळाच होता. हडकुळा, सावकाश बोलणारा, पावलापावलाला क्षमा मागणारा. तो चालत वर आला आणि आल्या आल्या म्हणाला, "मी विकायला आलोय, पण खरं सांगतो, हे फार कटकटीचं आहे." त्याने एकेक अट उलगडून सांगितली. खोलीचं भाडं ठरावीकच मिळणार. एक दिवसरात्र भरती झालं तरच मिळणार. आणि आधीपासून असलेल्या आजाराला पहिली काही वर्षं काहीच मिळणार नाही.

"म्हणजे आजाराला थांब म्हणायचं?" न्हावी म्हणाला.

"तसंच काहीसं."

"आणि तो नाही थांबला तर?"

"तर त्याने अटींचा भंग केला," प्रतिनिधी म्हणाला, आणि बिचारा स्वतःच खजील झाला. जाताना त्याने साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला म्हणजे इथेच, न्हाव्याच्या खुर्चीमागे, आम्ही सगळे ऐकत होतो. "साहेब, कुठलीही कंपनी घ्या, शेवटी डॉक्टरचा फोन येतो. ते विचारतात, हे होतं का, ते होतं का. तुमच्या वयात एखाद्या गोष्टीला हो म्हणालात की गाडी अडली. एकदा एका कंपनीने नकार दिला की दुसऱ्याही तोंड फिरवतात."

साहेबांनी ते ध्यानात ठेवलं.

आता दोन दरपत्रकं झाली. दुसऱ्या माणसाचं बरं होतं, कुणीही घेतलं असतं. पण तिसरं? तिसरं आल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही, आणि अपुऱ्या तक्त्यावर सही करणारे साहेब नव्हते. तिसऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, आमचा माणूस एवढ्या वर येत नाही. साहेबांनी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं स्मरणपत्र. मग 'आपल्या दिरंगाईची नोंद घेतली आहे' असं कडक पत्र. त्यांनी ते अशा थाटात लिहिलं की समोरची कंपनी घाबरून बंद पडावी. आणि खरंच पडली. वर्षभरात दिवाळं वाजलं तिचं.

"ते त्या पत्राने नाही," न्हावी मागून म्हणाला.

तुला काय माहीत? पत्र तू वाचलं होतंस का?

असो. दोन ऋतू गेले. न्हावी रोज म्हणायचा, "साहेब, दोनांवर ठरवा की."

"आणि उद्या तपासणी आली तर?"

"तुमच्या घरी कोण तपासणी करणार?"

यावर साहेब चिडले. माणूस बरोबर असला की शांत असतो. साहेब त्या काळात फार चिडत होते.

त्यातच साठा पडताळणी आली आणि साहेबांना तूट सापडली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या उशा कपाटात नव्हत्या. एवढ्या वर्षांत पहिली तूट. त्यांनी मावशींना विचारलं, मावशी म्हणाल्या, "असतील इथेच कुठेतरी. पाहुणे कुठे आलेत आपल्याकडे?" साहेबांनी दोन दिवस कपाटं उपसली, पलंगाखाली वाकून पाहिलं, शेजारच्या घरी सहज डोकावल्यासारखं करून संशयाने पाहून आले. शेवटी 'उशा, तूट' असं लिहून ठेवलं आणि कपाळाला हात लावला. जी जागा सोडून त्यांनी सगळीकडे शोधलं, ती जागा त्यांच्या हातभर अंतरावर होती. पण साहेब एकदा आडवे झाले की घोरायला लागतात. ते असे घोरायचे की वरच्या वळणावर जीपवाला हॉर्न न वाजवता वळायचा, त्याला वाटायचं समोरून ट्रक येतोय.

आणखी एक चीड त्यांना होती. मावशी चढणीला फार रेंगाळायच्या. दर रविवारी मुलीशी बोलायला वर यायचं तर पहिल्या वळणाला त्या चपलेचा पट्टा नीट करायला थांबायच्या, नळापाशी दरी बघायला थांबायच्या, पुढे एखाद्या झुडपाला हात लावून ते कसलं आहे याचा विचार करत उभ्या राहायच्या. साहेब पुढे जाऊन घड्याळ बघत उभे. "अगं, त्या चपला बदल एकदाच्या." शेवटी त्यांनी स्वतः नव्या चपला आणल्या, तीन दुकानांचे भाव काढून. चांगल्या मजबूत पट्ट्याच्या. पुढच्या रविवारी मावशी त्या नव्या चपलांचाही पट्टा नीट करायला थांबल्या. साहेब म्हणाले, "बाईमाणसाचं समाधान करणं कठीण आहे." मावशी हसल्या. बोलायला त्यांच्याकडे तेव्हा श्वास नसावा. पण हे आत्ता सुचतंय मला. तेव्हा आम्हीही इथे बसूनच होतो, रोज त्यांना थांबताना बघत होतो. आम्हाला वाटायचं, मावशींना निसर्गाची फार हौस.

मग तिसरं दरपत्रक आलं. मुलीनेच कुठून तरी शोधलं. या कंपनीला प्रतिनिधीच नव्हता, सगळा कारभार फोनवर. आणि गंमत म्हणजे तिच्या यादीत आपली वसाहत होती, अगदी नावानिशी. साहेबांचे डोळे भरून आले. आपण आहोत, हे एवढ्या लांबून कुणीतरी मान्य केलं होतं. भावही बरा होता. तक्ता पुरा झाला, तिसरी कंपनी पहिली आली, आणि साहेबांच्या जीवात जीव आला. आता फक्त डॉक्टरबाईंचा फोन यायचा होता.

फोनच्या दिवशी कठड्यावर बसायला जागा नव्हती. साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मावशी मागून आल्या, पट्टा, नळ, झुडूप, सगळे मुक्काम करत. फोन वाजला आणि साहेबांनी तो सरळ स्पीकरवर टाकला.

"अहो, एवढ्या लोकांत?" मावशी म्हणाल्या.

"दरपत्रक चारचौघांसमोर उघडायचं असतं," साहेब म्हणाले. "पद्धत आहे तशी."

पहिला नंबर त्यांचा. डॉक्टरबाईंचा आवाज कोवळा होता, पण कामाचा. "संभाषण रेकॉर्ड होतंय, सर. दारू घेता?"

"नाही."

न्हाव्याला खोकला आला.

"तंबाखू?"

"कधीच नाही," साहेब म्हणाले. कंपाउंडर म्हणाला, "माझी डबी परत द्या मग."

"सर, मागे कोण आहे?"

"रेडिओ आहे, मॅडम."

"ऐकायला नीट येतं?"

"काय?" साहेब म्हणाले.

मॅडमनी पुढचा प्रश्न घेतला. "चिडचिड होते का?" साहेब म्हणाले, "अजिबात नाही," आणि सबंध रेडिओ हसला. साहेब रेडिओवर असे काही ओरडले की खालच्या घरांतली कुत्री भुंकायला लागली आणि दरीपलीकडच्या प्रसूतिगृहात दोन बाळं वेळेआधी जन्माला आली. तरी मॅडमनी 'नाही' लिहून घेतलं. फार सोशिक मुलगी असणार. साहेब एकंदरीत निरोगी ठरले, पण त्यांची मान खाली गेली ती गेलीच. चारचौघांत उघडलेल्या दरपत्रकाने त्यांची पुरती शोभा केली होती.

मग मावशींचा नंबर आला. साहेब त्यांच्या कानाशी म्हणाले, "सगळ्याला नाही म्हण. सोपं आहे."

पहिले चार-दोन प्रश्न तसेच गेले. साखर, नाही. रक्तदाब, नाही. मग मॅडम म्हणाल्या, "चढ चढताना धाप लागते?"

मावशी थांबल्या. "लागते," त्या म्हणाल्या.

"किती चढल्यावर?"

"आमच्या पहिल्या वळणाला लागते. मग नळापाशी. मग वर झुडूप आहे, तिथे."

 साहेबांनी पायाने त्यांचा पाय दाबला. पण मावशींच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असावं. त्यांच्याशी इतकं मन लावून कुणी बोलण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या फोनकडे तोंड करून अशा बसल्या, जशी ती मुलगी समोर बसलेली आहे.

"पाय सुजतात?"

"संध्याकाळी. सकाळी उतरतात. चपलेचा वळ उठतो तो दुपारपर्यंत."

"झोपताना किती उशा घेता, मावशी?" मॅडमही आता मावशी म्हणायला लागल्या होत्या.

"आधी एक घ्यायची. मग दोन. आता पाहुण्यांच्याही घेते. बसूनच झोपते म्हणा ना. आडवं झालं की छातीवर कुणीतरी येऊन बसल्यासारखं होतं."

साहेबांनी मान वर केली. उशांची तूट त्या क्षणी भरून निघाली. भांडारपालाला हरवलेली वस्तू सापडली की आनंद होतो. साहेबांचा चेहरा मात्र मी पाहिला, तो आनंदाचा नव्हता.

"कधीपासून होतंय हे?"

"धाकटीचं लग्न झालं तेव्हापासून असेल."

"घरी कुणाला सांगितलंत?"

मावशींनी थोडा विचार केला. "कुणी विचारलं नाही कधी," त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. दुकानात एखादी वस्तू नाही, हे सांगावं तसं सांगितलं.

तेवढ्यात न्हाव्याच्या खुर्चीतल्या माणसाने, अर्धी दाढी केलेली असताना, डोळे पुसले. खोटं सांगत नाही. फेस डोळ्यात गेला असं तो म्हणतो.

फोनवर मॅडम जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "सर, हे मला लिहावं लागेल. धाप, सूज, झोपेतला त्रास. हे तुम्हाला माहीत होतं का? पक्कं सांगा, मी हो लिहू का?"

आता इथे नीट ऐका, कारण सगळं इथे आहे. साहेबांसमोर एका बाजूला दोन ऋतू राबून पुरा केलेला तक्ता होता आणि त्या हडकुळ्या माणसाचा इशारा, एक हो म्हणालात की गाडी अडली. दुसऱ्या बाजूला मावशी. सगळा कठडा त्यांच्या तोंडाकडे बघतोय. आणि कीपरसाहेब, ज्यांनी आयुष्यात तीन वेळा विचारल्याशिवाय काही ठरवलं नाही, ते एका क्षणात म्हणाले, "नाही, मॅडम. मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली. तुम्ही हो लिहा. विमा नाही मिळाला तरी चालेल, मी उद्याच हिला डॉक्टरकडे नेतो."

असं म्हणाले ते. स्वच्छ, मोठ्या आवाजात. पण नशीब बघा. बरोबर त्याच वेळी सिग्नल गेला. पहिलं 'नाही' तेवढं पलीकडे पोचलं आणि बाकीचं सगळं अलीकडेच राहिलं, या दरीत. मॅडमनी ऐकलं ते 'नाही', लिहिलं ते 'नाही'. महिन्याभरात विमा मंजूर होऊन आला. आता आला म्हटल्यावर साहेब तरी काय करणार? उद्या नेतो, परवा नेतो करता करता राहिलं. विमा घरात होता, म्हणून मुलगीही निश्चिंत झाली. मावशी रविवारी वर यायच्या, तशाच थांबत थांबत. आता साहेबही त्यांच्याबरोबर थांबायचे, एवढा फरक पडला होता.

आणि पुढे मावशी एकदा नळापाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. चौघांनी खुर्चीतून जीपपर्यंत नेलं, न्हाव्याची हीच खुर्ची. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप गेली आहे, ऑपरेशन लगेच करा. कंपनीने सांगितलं, हे आधीपासूनचं आहे आणि तुम्ही लपवलंत, आमच्याकडे तुमच्याच आवाजात रेकॉर्ड आहे. मग धर्मादाय दवाखान्यात नंबर लावला, तिथे रांग होती. नंबर लागेपर्यंत हृदय दमून गेलं. ऑपरेशन झालं, मावशी वाचल्या, नाही असं नाही. पण आता मुलीकडे तळमजल्यावर असतात. दोन पायऱ्याही चढायच्या नाहीत असं सांगितलंय, आणि इथे यायचं तर सगळी चढणच. साहेबही तिकडेच असतात. परवा जीपवाला भेटून आला, सांगत होता, साहेब येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतात, झोप नीट लागते का, उशा किती घेता. लोक घाबरतात.

तेव्हा मंडळी, माणसाचा दोष नाही यात. सिग्नलचा आहे. साहेबांनी खरं तेच सांगितलं होतं. त्या वेळी नेमका सिग्नल...

"सिग्नल गेला नव्हता," शिवणबाई म्हणाल्या.

त्यांनी हातातलं काजाचं कापड खाली ठेवलं होतं.

अहो शिवणबाई, तुम्ही मशीनवर होता, तुम्हाला काय...

"मशीन बंद ठेवलं होतं मी. मावशींच्या शेजारी उभी होते. शेळीचं म्हणालात, बोलले नाही. बाळं जन्माला घातलीत, तेव्हाही बोलले नाही. पण हे खोटं आहे, आजोबा. फोन शेवटपर्यंत नीट चालू होता. साहेब म्हणाले, 'ती जरा वाढवून सांगते, मॅडम. नाही लिहा.' मग त्या डॉक्टर मुलीने मावशींना विचारलं, मावशी, नाही लिहू का? दोनदा विचारलं तिने."

"मग?" नव्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"मावशींनी साहेबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'लिहा. यांना यातलं जास्त कळतं.'"